सीताबर्डीला पैसे, स्टुटगार्टला पैसे: यूपीआय आणि परदेशी भरणा सेवांचा आढावा

पैसे पाठवण्याची सेवा निवडताना आपण सहसा दोनच गोष्टी विचारतो: किती वेळात पोहोचतील आणि चार्जेस किती लागतील. देशातल्या देशात पैसे पाठवायचे असतील तर एवढी चौकशी पुरते. परदेशात पाठवायचे असतील किंवा तिकडून मागवायचे असतील, तर मात्र हेच दोन प्रश्न माणसाची दिशाभूल करतात, कारण तिथे खरी किंमत शुल्काच्या रकान्यात नसते, ती विनिमयाच्या दरात मिसळलेली असते. आणि पैसे दोन तास आधी पोहोचले की दोन दिवस उशिरा, यापेक्षा ते कोणत्या कागदावर पोहोचले याला पुढे अधिक महत्त्व येते. आमच्या घरात दोन्ही प्रकारचे व्यवहार नियमित होतात. मुलगी स्टुटगार्टला शिकते, धाकटा भाऊ शारजाला नोकरी करतो आणि त्याच्या पैशांतून आईच्या औषधपाण्याचा खर्च इथे नागपुरात चालतो. प्रतापनगर आणि त्रिमूर्तीनगर भागातले ओळखीचे पालक परदेशी प्रवेशाचे पत्र हाती आले की हेच प्रश्न घेऊन येतात, म्हणून हा आढावा सविस्तर लिहीत आहे.

आधी यूपीआयबद्दल, आणि त्याबद्दल माझे मत निःसंकोच चांगले आहे. नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने एप्रिल २०१६ मध्ये ही व्यवस्था सुरू केली, तेव्हा तिच्या तळाशी २०१० पासून चालत आलेली आयएमपीएस ही चोवीस तास चालणारी यंत्रणा होती. ऑगस्ट २०२५ मध्ये एका महिन्यातल्या यूपीआय व्यवहारांची संख्या पहिल्यांदा २,००० कोटींच्या पुढे गेली. कळमना बाजारात संत्र्याची गाडी उतरवून घेणारा व्यापारी, इतवारीतला किराणा घाऊक विक्रेता आणि सकाळी तर्री-पोहे विकणारा ठेलेवाला या तिघांकडे एकच प्रकारचा चौकोनी कोड लावलेला असतो आणि पैसे पाठवणाऱ्या सामान्य खातेदाराला त्यासाठी एक रुपयाही द्यावा लागत नाही. जगातल्या किती मोठ्या शहरांतल्या लोकांना ही सोय आजही मिळत नाही, हे मुलगी तिकडून सांगते तेव्हा आपल्या हातात काय आहे याची खरी जाणीव होते.

मर्यादा मात्र माहीत असाव्यात. एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीला पाठवायच्या रकमेला यूपीआयवर साधारणपणे दिवसाला १ लाख रुपयांची मर्यादा आहे; रुग्णालय आणि शिक्षणसंस्था यांच्या भरण्यासाठी ती ५ लाख आहे. नवा फोन किंवा नवी नोंदणी असेल तर पहिल्या चोवीस तासांत बहुतेक बँका ५,००० रुपयांपुढे जाऊ देत नाहीत, त्यामुळे फ्लॅटच्या इसाऱ्याची रक्कम द्यायच्या दिवशीच फोन बदलू नये. त्याहून मोठी रक्कम असेल तर आयएमपीएसवर ५ लाखांपर्यंत जाता येते आणि २ लाखांपासून पुढे आरटीजीएस आहेच, जी डिसेंबर २०२० पासून रविवारी आणि सणासुदीलाही चालू असते. एनईएफटी डिसेंबर २०१९ पासून चोवीस तास आहे, पण ती अर्ध्या अर्ध्या तासाच्या तुकड्यांत चालते. घाई नसेल तर बचत खात्यातून ऑनलाइन केलेल्या एनईएफटीला शुल्क नाही, ही गोष्ट अनेकांना अजून माहीत नसते.

या व्यवस्थेचा जो गुण मला सर्वांत मोलाचा वाटतो, त्याबद्दल फारसे कोणी बोलत नाही. पैसे खात्यातून कटले आणि समोरच्याला मिळाले नाहीत, तर काय होते? रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१९ मध्ये ठरवून दिले की व्यक्तीकडून व्यक्तीला केलेला यूपीआय व्यवहार असा फसला तर रक्कम दुसऱ्या दिवसापर्यंत आपोआप परत आली पाहिजे, दुकानदाराला केलेल्या भरण्यात पाच दिवसांची मुदत आहे आणि त्यापुढे उशीर झाल्यास बँकेने ग्राहकाला दर दिवशी १०० रुपये भरपाई द्यावी. धंतोलीतल्या एका रुग्णालयात अनामत रक्कम भरताना आमचे पैसे खात्यातून गेले आणि तिथल्या काउंटरवर मात्र काही दिसेना, तेव्हा त्या क्षणी दुसऱ्या खात्यातून पुन्हा भरावे लागले हे खरे, पण आधीची रक्कम कुठेही खेटे न घालता मुदतीच्या आत परत आली. आजारी माणूस आत असताना हा नियम किती मोठा आधार देतो, हे ज्याने अनुभवले त्यालाच कळेल.

यूपीआयचा खरा धोका त्याच्या वेगातच आहे. एकदा पिन टाकून पाठवलेली रक्कम पाठवणाऱ्याला स्वतःहून मागे घेता येत नाही. पैसे मिळवण्यासाठी पिन कधीच टाकावा लागत नाही, हे वाक्य घरातल्या वडीलधाऱ्यांना पुन्हा पुन्हा सांगितले पाहिजे. पैशांची मागणी पाठवून लुबाडण्याचे प्रकार इतके झाले की व्यक्तीने व्यक्तीकडे अशी मागणी पाठवण्याची सोयच ऑक्टोबर २०२५ पासून बंद करण्यात आली. फसवणूक झालीच तर १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर पहिल्या काही मिनिटांत फोन करणे हाच उपाय, कारण रक्कम पुढच्या खात्यांत पांगण्याआधी अडवली तरच हाती लागते. त्यामानाने एनईएफटी आणि आरटीजीएसमध्ये एप्रिल २०२५ पासून खातेदाराचे नाव आधी पडताळून पाहण्याची सोय आली आहे. मोठ्या रकमेसाठी मी आता तोच मार्ग घेतो.

आता मूळ गोंधळाकडे येतो. ‘यूपीआय आता परदेशातही चालते, मग मुलीला फोनवरूनच का पाठवत नाही?’ असे मला अनेकांनी विचारले आहे. यूपीआय परदेशात चालते, पण मुख्यतः दुकानात खरेदी करणाऱ्या भारतीय प्रवाशासाठी. फेब्रुवारी २०२४ मध्ये आयफेल टॉवरच्या तिकिटांसाठी ते सुरू झाले, त्याच महिन्यात श्रीलंका आणि मॉरिशसमध्ये आले. भूतान, नेपाळ, सिंगापूर आणि संयुक्त अरब अमिरातीतही ठरावीक दुकानांत ते घेतले जाते. तिथल्या एखाद्या माणसाच्या बँक खात्यात नागपूरहून रक्कम टाकणे ही अगदी वेगळी गोष्ट आहे. त्यातला ठळक अपवाद सिंगापूरचा: २१ फेब्रुवारी २०२३ रोजी यूपीआय आणि तिथली पेनाऊ ही व्यवस्था जोडली गेली आणि ठरावीक बँकांच्या खातेदारांना मोबाइल क्रमांकावरून दिवसाला ६०,००० रुपयांपर्यंत पाठवता येऊ लागले. ज्यांची मुले सिंगापूरला आहेत त्यांनी आपली बँक त्या यादीत आहे का, हे जरूर पाहावे. छोट्या रकमेसाठी याहून सोपा मार्ग मला दिसत नाही.

युरोपबाबतही हालचाल सुरू आहे. युरोपातल्या टिप्स नावाच्या झटपट भरणा व्यवस्थेशी यूपीआय जोडण्याचे काम प्रत्यक्ष हाती घेण्याचे नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झाले, आणि मलेशिया, फिलिपिन्स, सिंगापूर, थायलंड यांच्याबरोबरच्या, निरनिराळ्या देशांच्या झटपट भरणा व्यवस्था जोडणाऱ्या नेक्सस या प्रकल्पात रिझर्व्ह बँक २०२४ मध्येच सामील झाली आहे. हे झाले तर वेळ वाचेल आणि मधले शुल्कही कमी होईल. तरीही रुपयाचा युरो कुठेतरी करावाच लागेल, त्याला कुणीतरी दर लावेल, आणि परकीय चलनाचा कायदा तेव्हाही लागू असेल. म्हणून दर आणि कागद या दोन गोष्टी आजच समजून घेतल्या तर ते ज्ञान वाया जाणार नाही.

याच ठिकाणी एक तिसरा मार्ग लोक सुचवतात आणि तो मी स्पष्ट शब्दांत नाकारतो. ‘भाऊ, तुम्ही इथे आमच्या खात्यात रुपये टाका, आमचा मुलगा तिकडे तुमच्या मुलीला युरो देईल, दोघांचेही चार्जेस वाचतील,’ असा प्रस्ताव अत्यंत सभ्य, सुशिक्षित आणि चांगल्या मनाच्या माणसांकडून येतो. वरवर पाहता त्यात दोन घरगुती व्यवहार आहेत: एक नागपुरातल्या नागपुरात यूपीआयवर झालेला, दुसरा जर्मनीतल्या जर्मनीत. दोन्ही झटपट, दोन्ही फुकट. पण १९९९ च्या परकीय चलन व्यवस्थापन कायद्याच्या, म्हणजे फेमाच्या, तिसऱ्या कलमाचा रोख नेमका अशाच देवाणघेवाणीवर आहे: देशाबाहेरच्या व्यक्तीला द्यायचे पैसे अधिकृत संस्थेमार्फतच गेले पाहिजेत, आणि तिकडच्या रकमेच्या बदल्यात इकडे रक्कम चुकती करणे हा सरळ नियमभंग आहे. दंड गुंतलेल्या रकमेच्या तिपटीपर्यंत होऊ शकतो.

कायद्याचा धाक बाजूला ठेवला तरी हा मार्ग व्यवहार म्हणून वाईट आहे. आपल्या मुलीच्या खात्यात अनोळखी माणसाकडून हजारो युरो येतात आणि तिथल्या बँकेने विचारले तर तिच्याकडे दाखवायला काही नसते. उद्या व्हिसाच्या मुदतवाढीसाठी निर्वाहाची व्यवस्था कोण करते हे दाखवायचे झाले, तर पालकांच्या खात्यातून निघालेली आणि तिच्या खात्यात पोहोचलेली अशी एक सलग रेघ कागदावर लागते. या देवाणघेवाणीत ती रेघच तुटलेली असते. शिवाय मधल्या माणसाचा मधला माणूस आला आणि त्याच्या खात्यातून सायबर गुन्ह्याचा पैसा फिरलेला निघाला, तर गोठवलेले खाते मोकळे करून घेण्यासाठी दुसऱ्या राज्यातल्या पोलिसांशी पत्रव्यवहार करण्याची पाळी येते. काही हजार रुपये वाचवण्यासाठी मुलांच्या शिक्षणाचा पैसा या वाटेने पाठवू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

अधिकृत मार्गाने बाहेर पैसे पाठवण्याची चौकट तशी सोपी आहे. लिबरलाइज्ड रेमिटन्स स्कीम, म्हणजे निवासी व्यक्तींना परदेशी पैसे पाठवू देणारी रिझर्व्ह बँकेची योजना, २००४ मध्ये २५,००० डॉलरच्या मर्यादेने सुरू झाली. आज प्रत्येक निवासी व्यक्तीला एका आर्थिक वर्षात २,५०,००० डॉलरपर्यंत पाठवता येतात. पॅन लागते, ए-२ नावाचा अर्ज भरावा लागतो आणि त्यात पैसे कशासाठी चालले त्याचा सांकेतिक क्रमांक द्यावा लागतो; शिक्षणासाठीची फी आणि वसतिगृहाचा खर्च यांना एक क्रमांक, नातेवाइकाच्या निर्वाहाला दुसरा. हा क्रमांक घाईत भरू नये, कारण कर किती कापला जाईल हे त्यावर ठरते. नागपुरातल्या अनेक कुटुंबांचे मुख्य खाते नागरी सहकारी बँकेत असते आणि यूपीआय तिथून उत्तम चालते, पण परकीय चलनाच्या व्यवहाराचा परवाना सगळ्याच सहकारी बँकांकडे नसतो. त्यामुळे प्रवेश निश्चित होण्याआधीच परवाना असलेल्या बँकेत खाते उघडून ठेवावे. तिथेही प्रत्येक शाखेत या कामाचा जाणकार माणूस असतोच असे नाही. आमचा अर्ज वस्तीतल्या शाखेने घेऊन सिव्हिल लाइन्समधल्या मोठ्या शाखेकडे पाठवला आणि तेवढ्यात दर बदलला. दुसऱ्या वेळेपासून मी थेट मोठ्या शाखेतच जातो.

जर्मनीला जाणाऱ्या विद्यार्थ्याचे उदाहरण घेऊ, कारण त्यात सगळे खर्च एकदम दिसतात. व्हिसासाठी तिथल्या ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे दरमहा ठरावीक रक्कमच काढता येणाऱ्या खात्यात, वर्षभराचे ११,९०४ युरो आधी ठेवावे लागतात, म्हणजे महिन्याला ९९२ युरो. हिशेब सोपा व्हावा म्हणून एका युरोचा बाजारातला मध्यम दर, म्हणजे खरेदी आणि विक्रीच्या दरांच्या मधला दर, १०० रुपये धरू. एखादी बँक भरणा शुल्क १,००० रुपये सांगते आणि दर लावते १०१ रुपये ५० पैसे. अर्जावर ठळक दिसतात ते हजार रुपये. दर युरोमागे दिलेल्या दीड रुपयाचे होतात १७,८५६ रुपये, आणि ते कुठेही वेगळे लिहिलेले नसतात. दुसरी सेवा शुल्क २,००० सांगते, पण दर १०० रुपये ४० पैसे लावते. तिथे दरातला खर्च ४,७६२ रुपयांच्या आसपास येतो. शुल्क दुप्पट असूनही दुसरी सेवा बारा हजारांनी स्वस्त पडते. म्हणून कोणत्याही खिडकीवर मी एकच प्रश्न विचारतो: माझ्या खात्यातून एकूण किती रुपये जातील आणि तिकडे नेमके किती युरो पडतील? या दोन आकड्यांखेरीज दुसऱ्या कशाचीही तुलना करू नये.

बँकांचा सकाळी जाहीर होणारा कार्ड रेट हा शेवटचा शब्द नसतो, हेही अनुभवाने सांगतो. रक्कम मोठी असेल तर शाखेतून त्यांच्या ट्रेझरी विभागाला, म्हणजे बँकेचे चलनाचे व्यवहार पाहणाऱ्या विभागाला, दर विचारता येतो आणि तो बऱ्याचदा कार्ड रेटपेक्षा बरा असतो. त्यासाठी मागावे लागते. कोणी आपणहून देत नाही. शनिवार-रविवारी परकीय चलनाचा बाजार बंद असतो, त्यामुळे सुट्टीच्या दिवशी ऑनलाइन दिसणारा दर बहुधा खबरदारीचा, म्हणजे महाग असतो. फीची अंतिम तारीख सोमवार असेल तर निदान आधीच्या मंगळवारी काम सुरू करावे.

चलनबदलावर जीएसटी लागतो, पण तो संपूर्ण रकमेवर नसतो. त्यासाठी नियमाने एक लहान मूल्य धरले जाते आणि त्यावर १८ टक्के आकारले जातात: १ लाखाच्या व्यवहारावर १८० रुपये, ५ लाखांवर ५४० रुपये आणि कितीही मोठ्या व्यवहारावर जास्तीत जास्त १०,८०० रुपये. वरच्या उदाहरणात हा कर हजार रुपयांच्या आसपास येतो. लोकांना जास्त दचकवतो तो टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच बँकेने आपल्याकडून गोळा करायचा प्राप्तिकर. १ एप्रिल २०२५ पासून एका आर्थिक वर्षात १० लाखांपर्यंत तो लागत नाही, आणि मान्यताप्राप्त संस्थेच्या शैक्षणिक कर्जातून पाठवलेल्या पैशांना तो मुळीच नाही. स्वतःच्या बचतीतून शिक्षणासाठी १० लाखांपुढे पाठवल्यास २०२५-२६ या वर्षी त्या वरच्या रकमेवर ५ टक्के होते, तर गुंतवणूक किंवा भेट अशा कारणांसाठी २० टक्के. ११,९०४ युरोंच्या त्या भरण्यात, पहिल्या बँकेच्या दराने, ही रक्कम १०,४०० रुपयांच्या घरात जात होती. मात्र हा खर्च नव्हे, ही आगाऊ जमा आहे. ती पाठवणाऱ्याच्या पॅनवर प्राप्तिकर खात्याच्या कर-नोंदीत दिसते आणि विवरणपत्र भरताना वळती किंवा परत मिळते. म्हणून सेवांची तुलना करताना टीसीएस बाजूला ठेवावा, आणि तो दाखवून एखादी सेवा महाग ठरवणाऱ्या सल्लागाराकडे दुर्लक्ष करावे.

बँकेतून स्विफ्टने जाणाऱ्या पैशांबाबत आणखी एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट आहे. स्विफ्ट ही १९७३ मध्ये बेल्जियममध्ये स्थापन झालेली संदेशवहनाची यंत्रणा आहे; पैसा स्वतः तिच्यातून वाहत नाही, तो बँकांच्या एकमेकांकडे असलेल्या खात्यांतून एकेक टप्प्याने सरकतो, आणि मधली प्रत्येक बँक आपले शुल्क कापू शकते. अर्जावर हे शुल्क कोणी सोसायचे याचा पर्याय असतो. तो न वाचता ‘शेअर्ड’वर, म्हणजे दोन्ही बाजूंनी वाटून सोसायच्या पर्यायावर, सोडला तर विद्यापीठाकडे फी पंधरा-वीस युरोंनी कमी पोहोचू शकते. स्टुटगार्ट ज्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्यात आहे तिथे युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना सत्राला १,५०० युरो फी आहे. त्यातले १,४८२ पोहोचले तर फी अपूर्ण राहते आणि उरलेल्या अठरा युरोंसाठी पुन्हा सगळे सोपस्कार करावे लागतात. फी भरताना सर्व शुल्क पाठवणाऱ्याकडे, हा पर्याय निवडावा. मुलीच्या स्वतःच्या खात्यात खर्चाला पाठवताना मात्र थोडे कमी पडले तरी बिघडत नाही, तिथे मी स्वस्त पर्याय घेतो.

फी भरण्याच्या बाबतीत एजंटकडून येणारा एक प्रस्ताव धोक्याचा आहे: ‘आमच्या खात्यावर यूपीआयने भरा, आम्ही तिकडे सवलतीत भरतो.’ विद्यापीठाला जाणारे पैसे विद्यापीठाच्या नावाच्या खात्यातच किंवा त्याने स्वतः कळवलेल्या भरणा सेवेतच गेले पाहिजेत. प्रवेश रद्द झाल्यास परतावा सहसा ज्या खात्यातून पैसे आले तिथेच जातो. ते खाते एजंटचे असेल तर पुढे काय होते ते सांगायला नको.

आता उलट दिशा, म्हणजे तिकडून नागपूरला. रिझर्व्ह बँकेच्या पाहणीनुसार २०२३-२४ मध्ये देशात आलेल्या अशा पैशांत महाराष्ट्राचा वाटा २०.५ टक्के, सर्व राज्यांत सर्वाधिक होता, आणि पाठवणाऱ्या देशांत अमेरिका २७.७ टक्क्यांसह संयुक्त अरब अमिरातीच्या पुढे होती. इकडे येणाऱ्या पैशांसाठी सेवा भरपूर आहेत आणि स्पर्धेमुळे दरही बरेच चांगले मिळतात. भाऊ शारजातल्या एक्स्चेंज हाउसमधून, म्हणजे चलन बदलून पैसे पाठवणाऱ्या पेढीतून, पाठवतो. दिरहम १९९७ पासून डॉलरला ३.६७२५ या दराने बांधलेला असल्यामुळे रुपया डॉलरसमोर घसरला की दिरहमचे जास्त रुपये मिळतात, आणि तिकडची मंडळी पगाराच्या दिवशी दर पाहूनच पाठवायचे की थांबायचे ते ठरवतात. पैसे इथल्या खात्यात बहुतेक वेळा त्याच दिवशी पडतात. या सेवेबद्दल मला तक्रार नाही.

वेस्टर्न युनियन किंवा मनीग्रामसारख्या सेवांमधून काउंटरवर रोख घेण्याची सोय आजही उपयोगाची आहे, विशेषतः घरात चालू बँक खाते नसलेल्या वृद्ध माणसासाठी. मात्र तिला बांध आहेत: एका वेळी २,५०० डॉलरपर्यंत, एका व्यक्तीला वर्षातून तीस वेळा, आणि हातात रोख ५०,००० रुपयांपर्यंतच; त्यावरची रक्कम खात्यात किंवा धनादेशाने मिळते. ही सोय फक्त वैयक्तिक पैशांसाठी आणि फक्त देशात येणाऱ्या पैशांसाठी आहे, त्यामुळे त्याच काउंटरवर मुलाला बाहेर पाठवायला गेलेल्या माणसाला परत यावे लागते. परसोडीच्या आयटी पार्कच्या आसपास परदेशी ग्राहकांचे काम घरून करणाऱ्या तरुणांनीही आपला मोबदला या वाटेने घेऊ नये. त्यांना योग्य उद्देश-क्रमांकासह आलेला भरणा आणि बँकेचे परकीय रक्कम मिळाल्याचे पत्र लागते, जीएसटी आणि प्राप्तिकर दोन्हींसाठी.

अमेरिका-युरोपातून पाठवणाऱ्यांसाठी वाइज आणि रेमिटली यांसारख्या ॲपवरच्या सेवा आहेत. वाइज ही २०११ मध्ये ट्रान्सफरवाइज या नावाने लंडनमध्ये सुरू झाली; बाजारातला मध्यम दर जसाच्या तसा लावायचा आणि आपला मोबदला वेगळा, उघड दाखवायचा, ही तिची पद्धत मला सर्वांत प्रामाणिक वाटते, कारण ग्राहकाला हिशेब करण्यासाठी कागद-पेन्सिल घ्यावी लागत नाही. रेमिटलीमध्ये घाईचा आणि सावकाशीचा असे दोन दर असतात, आणि नव्या ग्राहकाला पहिल्या भरण्यावर खास चढा दर दिला जातो. तो दर पाहून कायमची सेवा ठरवू नये. तुलना दुसऱ्या भरण्याच्या दराशी करावी. दोन्हींचे पैसे भारतात आले की शेवटचा टप्पा बहुधा आपल्या आयएमपीएससारख्या देशी यंत्रणेनेच पार पडतो, म्हणूनच रात्री अकरा वाजताही ते खात्यात पडतात. या परदेशी ॲपच्या वेगाचे श्रेय निम्मे तरी आपल्याकडच्या व्यवस्थेला आहे, हे अभिमानाने नोंदवतो. अमेरिकेत जानेवारी २०२६ पासून बाहेर जाणाऱ्या पैशांवर १ टक्का कर आला आहे, पण तो रोख रक्कम किंवा मनी ऑर्डर देऊन पाठवणाऱ्यांना लागतो. तिथल्या बँक खात्यातून किंवा कार्डाने पाठवल्यास लागत नाही. नागपुरातल्या आईबाबांनी मुलांना एवढे सांगितले तरी पुरे.

माझ्या मते सर्वांत चांगली व्यवस्था या दोन्ही सेवा जोडून होते, आणि तिचा वापर अजून फार कमी घरांत होतो. परदेशात राहायला गेलेल्या व्यक्तीने आपले जुने बचत खाते एनआरओमध्ये, म्हणजे अनिवासी भारतीयाच्या इथल्या पैशांसाठीच्या खात्यात, बदलून घेणे नियमाने आवश्यकच आहे. त्यासोबत एनआरई, म्हणजे परदेशातली कमाई इथे ठेवण्याचे, खाते उघडावे. तिकडून दर महिन्याला एकदाच, चांगला दर पाहून, मोठी रक्कम एनआरईमध्ये आणावी. त्या खात्यातली रक्कम मुक्तपणे परत नेता येते आणि त्यावरच्या व्याजाला भारतात कर नाही. जानेवारी २०२३ मध्ये अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, सिंगापूर, अमिराती, सौदी अरेबिया, कतार, ओमान आणि हाँगकाँग या दहा देशांच्या मोबाइल क्रमांकांवर अशा खात्यांना यूपीआय जोडण्याची मुभा मिळाली. भावाने हे करून घेतल्यापासून आईच्या औषधांचे पैसे रामदासपेठेतल्या दुकानाला, महावितरणचे बिल आणि महापालिकेचा मालमत्ता कर तो शारजातून आपल्या तिथल्याच क्रमांकावरून थेट भरतो. चलनबदलाचा खर्च महिन्यातून एकदा होतो आणि पुढचे सगळे लहान भरणे फुकट आणि तत्काळ होतात. आईला हात पसरल्यासारखे वाटत नाही आणि भावालाही घरच्या खर्चात रोजचा वाटा असल्याचे समाधान मिळते; ही गोष्ट दरपत्रकात कुठे दिसत नाही, पण आमच्या घरी तिला फार किंमत आहे. खाते बदलायला आणि क्रमांक जोडायला बँकेने वेळ लावला, कागद दोनदा मागितले, तरी तो त्रास सोसण्यासारखा होता.

काही बिनसले तर दाद कुठे मागायची, यातही मोठा फरक आहे आणि सेवा निवडतानाच तो लक्षात घ्यावा. यूपीआय, आयएमपीएस किंवा इथल्या बँकेतून केलेला परदेशी भरणा यांबद्दल आधी बँकेकडे लेखी तक्रार करावी. तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा ते समाधानकारक नसले, तर नोव्हेंबर २०२१ पासून सुरू असलेल्या रिझर्व्ह बँकेच्या एकात्मिक लोकपाल योजनेत विनाशुल्क तक्रार नोंदवता येते, त्यासाठी वकील लागत नाही आणि शहरही सोडावे लागत नाही. परदेशातल्या ॲपवरून निघालेले पैसे वाटेत अडकले, तर मात्र नागपुरात बसलेल्या वडिलांना फारसे काही करता येत नाही, कारण त्या कंपनीचा ग्राहक तिकडचा मुलगा असतो आणि तिच्यावर नियंत्रण तिथल्या यंत्रणेचे असते. अमेरिकेत पाठवणाऱ्याला पैसे भरल्यापासून अर्ध्या तासात व्यवहार रद्द करण्याचा आणि १८० दिवसांत चूक दाखवून देण्याचा कायदेशीर हक्क आहे, पण तो त्यानेच बजावावा लागतो. म्हणून भरण्याची पावती आणि व्यवहाराचा क्रमांक पाठवणाऱ्याने त्याच दिवशी घरी कळवावा, आणि घरच्यांनी तो खात्यातल्या नोंदीशी ताडून ठेवावा.